कुब्रातचे बल्गार राज्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातव्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानात बल्गारांचे एक राज्य उभे राहिले आणि एका माणसाच्या हयातीपुरतेच टिकले. ग्रीक इतिहासकार त्याला ‘जुना महान बल्गेरिया’ म्हणतात. त्याबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, गुंतागुंतीचे प्रश्न शेवटी आहेत. जुन्या नोंदीत खरोखर काय लिहिले आहे आणि आजच्या अभ्यासकांनी त्यावरून काय जुळवले आहे, हे प्रत्येक उत्तरात वेगळे ठेवले आहे. या विषयावरचा निम्मा गोंधळ ही सरमिसळ झाल्यामुळेच होतो.

१. बल्गारांचे हे राज्य आणि आजचा बल्गेरिया देश एकच का?

नाही, पण नाते थेट आहे. कुब्रातचे राज्य आजच्या युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या भूभागावर होते. इ. स. ६३० च्या दशकात ते उभे राहिले आणि कुब्रातच्या मृत्यूनंतर, ६६० च्या दशकाच्या आसपास, पूर्वेकडच्या खझार या दुसऱ्या मैदानी लोकांच्या रेट्याने मोडले. त्याचा मुलगा अस्पारुख आपल्या लोकांना घेऊन पश्चिमेला गेला आणि डॅन्यूब नदीच्या दक्षिणेला त्याने नवे राज्य वसवले. ६८१ मध्ये बायझंटाइन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, आजच्या इस्तंबूलच्या, पूर्व रोमन) सम्राटाला त्याच्याशी तह करावा लागला. आजचा बल्गेरिया आपला इतिहास त्या तहापासून मोजतो आणि १९८१ मध्ये तिथे राज्यस्थापनेची १३०० वर्षे साजरी झाली. म्हणजे कुब्रातचे राज्य हे आजच्या बल्गेरियाचे आधीचे घर, पण दुसऱ्या जमिनीवरचे.

२. नकाशावर हे राज्य कुठे दाखवायचे?

अझोव्ह समुद्रावर बोट ठेवा. त्याच्या पूर्वेला कुबान नदीचे खोरे, दक्षिणेला तामान द्वीपकल्प आणि पश्चिमेला नीपर नदीकडे पसरलेले मैदान. इतिहासकार थिओफानिस हा प्रदेश अझोव्हपासून ‘कूफिस’ नदीपर्यंत सांगतो. ही नदी म्हणजे कुबान असे बहुतेक अभ्यासक धरतात. त्या नदीत ‘क्सिस्तोन’ नावाचा बल्गारांचा मासा मिळतो, असेही तो जाता जाता नोंदवतो. राज्याची लोकसंख्या किंवा सैन्य किती होते याचा आकडा तो देत नाही, पण मासा मात्र विसरत नाही. यावरून एक कळते : कॉन्स्टँटिनोपलच्या माणसाला हा मुलुख मुख्यतः व्यापारामुळे माहीत होता.

नकाशांत दिसणारी ठळक सीमारेषा मनावर घेऊ नका. कळपांबरोबर फिरणाऱ्या लोकांचे राज्य माणसांवर आणि टोळ्यांच्या निष्ठेवर चालायचे. सीमा ऋतूप्रमाणे हलायची.

३. बल्गार मूळचे कोण? स्लाव, तुर्क की हूण?

ते तुर्की भाषाकुळातली भाषा बोलणारे, घोड्यावर जगणारे लोक होते. ‘तुर्की भाषाकुळ’ म्हणताना आजचा तुर्कस्तान डोळ्यांपुढे आणू नका. या कुळात मध्य आशियापासून व्होल्गापर्यंतच्या अनेक भाषा येतात. स्लाव ते नव्हते. डॅन्यूबकडे गेल्यावर तिथल्या स्लाव लोकांत ते दोन-अडीच शतकांत मिसळले, आणि आजची बल्गेरियन भाषा स्लाव झाली ती त्यातून.

बायझंटाइन नोंदींत ते पहिल्यांदा ठळकपणे येतात ते ४८० मध्ये. सम्राट झेनोने ऑस्ट्रोगॉथांविरुद्ध त्यांची मदत मागितली होती. त्या आधी अटिलाचे हूण साम्राज्य कोसळले होते आणि मैदानात उरलेल्या टोळ्यांची नव्याने जुळवाजुळव चालू होती. कुत्रिगुर, उतिगुर, ओनोगुर अशी नावे या काळात दिसतात. कुब्रातला तर ग्रीक नोंद ‘ओनोगुंदुरांचा स्वामी’ म्हणते. बल्गार म्हणजे एकाच रक्ताची जमात, असे धरून चालले की पुढचे काहीच नीट लागत नाही. ती टोळ्यांची बांधलेली आघाडी होती.

४. भारतात आलेले हूण आणि बल्गार यांचा संबंध आहे का?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून हमखास येतो आणि तो रास्तही आहे, कारण बायझंटाइन लेखक कुब्रातच्या लोकांना सरसकट ‘हूण’ म्हणतात. पण तोरमाण आणि मिहिरकुल यांचे हूण आणि काळ्या समुद्राकाठचे बल्गार यांच्यात थेट नाते दाखवणारा पुरावा नाही. तोरमाणाचे नाव एरणच्या वराहमूर्तीवर कोरलेले आहे आणि मिहिरकुलाला नमवल्याचे यशोधर्मन मंदसोरच्या स्तंभलेखात सांगतो. ही सगळी हालचाल पाचव्या शतकाच्या शेवटापासून सहाव्याच्या पूर्वार्धापर्यंत, हिंदुकुशच्या बाजूने झाली. बल्गार त्या वेळी हजारो किलोमीटर पश्चिमेला बायझंटाइन सीमेवर धडका देत होते.

साम्य आहे ते मैदानी जीवनाचे. लहानपणी डोक्याला पट्टे बांधून कवटी लांबट करण्याची चाल दोन्हीकडे दिसते : भारताच्या वायव्येकडील हूण राजांच्या नाण्यांवरच्या चेहऱ्यांत आणि बल्गारांच्या काही कबरींतल्या कवट्यांत. पण ही चाल कितीतरी टोळ्यांत होती. तिच्यावरून सोयरीक जुळवता येत नाही.

५. कुब्रात कोण होता?

दुलो घराण्यातला सरदार आणि या राज्याचा संस्थापक. त्याच्याबद्दल बोलणाऱ्या मुख्य नोंदी तीन. कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख निकेफोरस सांगतो की ऑर्गाना नावाच्या सरदाराच्या या पुतण्याने (किंवा भाच्याने, ग्रीक नोंदीवरून ते ठरत नाही) अवार या मैदानी लोकांच्या खाकानाविरुद्ध (सर्वोच्च राजाविरुद्ध) बंड केले, त्याचे लोक आपल्या मुलुखातून हाकलले आणि सम्राट हेराक्लियसकडे वकील पाठवून तह केला. हेराक्लियसने भेटी पाठवल्या आणि त्याला ‘पॅट्रिकियोस’ हा दरबारी किताब दिला. हा तह दोघांनीही मरेपर्यंत पाळला, असे निकेफोरस लिहितो. त्या काळातल्या तहांचे आयुष्य पाहता ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरी नोंद थिओफानिसची, ती पुढे प्रश्न ७, १३ आणि १४ मध्ये येते. तिसरी इजिप्तमधल्या निकिऊ गावच्या योहान या बिशपची. तो सांगतो की कुब्रातचा बाप्तिस्मा लहानपणी कॉन्स्टँटिनोपलमध्ये झाला, तो राजवाड्यात वाढला, आणि हेराक्लियस वारल्यावरही त्याच्या विधवेची, मार्टिनाची, आणि मुलांची बाजू त्याने सोडली नाही. ६४१ च्या त्या वारसाहक्काच्या भांडणात मार्टिनाची बाजू हरणारी होती. कुब्रात तिच्यामागे उभा राहिला, हा त्याच्या स्वभावाचा आपल्याला दिसणारा जवळजवळ एकमेव कवडसा आहे. (या नोंदीतली अडचण प्रश्न १५ मध्ये.)

६. त्याने बंड नेमके कुणाविरुद्ध केले? अवार की पश्चिमी तुर्क?

निकेफोरस स्पष्टपणे अवार म्हणतो. बऱ्याच अभ्यासकांना मात्र शंका आहे, कारण अवारांचे केंद्र आजच्या हंगेरीत होते आणि अझोव्हच्या पूर्वेचा मुलुख सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पश्चिमी तुर्कांच्या, म्हणजे मध्य आशियातल्या तुर्क साम्राज्याच्या पश्चिम शाखेच्या, छायेत होता. निकेफोरसने नाव चुकवले, असे काहींचे म्हणणे.

मला दोन्ही कारणे एकत्र धरणे पटते. ६२६ मध्ये अवारांनी कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला आणि ते तोंडघशी पडले. त्यानंतर त्यांच्या ताब्यातल्या लोकांनी जागोजाग डोके वर काढले. तिकडे ६३० च्या सुमारास पश्चिमी तुर्कांचा खाकान मारला गेला आणि त्यांच्यात यादवी माजली. दोन्ही बाजूंचे धनी एकाच वेळी दुबळे झाले. मधल्या पट्ट्यात राज्य उभारायला याहून चांगली संधी मिळाली नसती.

७. स्थापनेचे साल सगळीकडे ६३२ दिलेले असते. ते कुठून आले?

कोणत्याही जुन्या नोंदीत ६३२ हा आकडा नाही. तो आधुनिक इतिहासकारांनी जुळवलेला आहे. निकेफोरसच्या निवेदनातला क्रम पाहिला तर हेराक्लियसशी तह साधारण ६३५ च्या सुमारास पडतो. म्हणून ‘६३० चे दशक’ म्हणणे बिनधोक. शाळेच्या उत्तरपत्रिकेत ६३२ लिहायला हरकत नाही, पण आधी ‘सुमारे’ लिहा.

शेवटाचेही तेच. थिओफानिस म्हणतो की कुब्रात ‘कॉन्स्टंटाइन’ सम्राटाच्या काळात वारला. हा सम्राट म्हणजे कॉन्स्टन्स दुसरा, असे बहुतेकांचे मत, आणि त्याची कारकीर्द ६४१ ते ६६८. कुब्रातचा मृत्यू या सत्तावीस वर्षांत कुठेतरी बसतो.

८. इतकी थोडी माहिती का? बल्गारांनी स्वतः काहीच लिहिले नाही?

कुब्रातच्या काळातला बल्गारांच्या हातचा मजकूर आपल्यापर्यंत आलेला नाही. थिओफानिस आणि निकेफोरस यांनी लिहिले ते घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. दोघांच्या मजकुरात इतके साम्य आहे की त्यांच्यासमोर एकच जुना ग्रंथ असावा, जो आता हरवला आहे. म्हणजे दोन साक्षीदार दिसतात, पण प्रत्यक्षात साक्ष एकच. निकिऊच्या योहानाचा ग्रंथ तर अरबीमधून इथिओपियाच्या गीझ भाषेत गेलेल्या भाषांतराच्या रूपातच उरला आहे आणि त्यात नावांची पार मोडतोड झाली आहे.

विरोधी पक्षाचीही एक साक्ष आहे, आणि ती फारशी कुणी वाचत नाही. दहाव्या शतकात खझारांचा राजा योसेफ याने स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या दरबारातले मुत्सद्दी हसदाई इब्न शाप्रुत यांना हिब्रूत पत्र लिहिले. त्यात तो सांगतो : आम्ही राहतो तिथे पूर्वी दुसरे लोक राहत होते, समुद्राच्या वाळूइतके असंख्य, पण आमच्या पूर्वजांपुढे ते टिकले नाहीत, ते पळाले आणि आजही ‘दुना’ नदीकाठी कॉन्स्टँटिनोपलजवळ राहतात. त्या लोकांचे नाव पत्रात ‘व-न-न-त-र’ अशा व्यंजनांत येते. ते ओनोगुंदुर असावेत, म्हणजे कुब्रातचेच लोक. तीनशे वर्षांनंतरही विजेत्यांना ही लढाई आठवत होती, आणि हरलेल्यांची संख्या ते फुगवूनच सांगत होते.

९. ‘बल्गार राजांची नामावली’ म्हणजे काय?

जुन्या स्लाव भाषेतली एक छोटीशी यादी. रशियन विद्वान अलेक्झांडर पोपोव्ह यांना ती १८६१ मध्ये एका मोठ्या हस्तलिखित इतिवृत्तात सापडली. बायबलमधल्या राजांच्या हकिकतीला लागून, मध्येच, बल्गार राजे सुरू होतात : आवितोहोल ३०० वर्षे जगला, इर्निक १५० वर्षे, गोस्तुन २ वर्षे, कुर्त ६० वर्षे, बेझमेर ३ वर्षे. प्रत्येकाचे घराणे दिले आहे आणि गादीवर आल्याचे वर्ष एका अनोळखी भाषेत : कुर्तसाठी ‘शेगोर वेचेम’. ही बल्गारांची बारा प्राण्यांची कालगणना आहे. पहिला शब्द प्राणी, दुसरा महिन्याचा क्रम. ‘शेगोर’ म्हणजे बैलाचे वर्ष. कुर्त म्हणजेच कुब्रात, असे सर्वसाधारणपणे मानतात.

मग यादी म्हणते की हे पाच राजे मुंडण केलेल्या डोक्यांनी डॅन्यूबपलीकडे ५१५ वर्षे राज्य करत होते, आणि त्यानंतर इस्पेरिह, म्हणजे अस्पारुख, नदीच्या या बाजूला आला. वर दिलेली वर्षे मिळवून पाहा, बेरीज बरोबर ५१५ येते. यादी करणारा माणूस हिशेबाला पक्का होता.

१०. मग बल्गारांचे राज्य इ. स. १६५ पासून सुरू झाले, असे म्हणता येईल का?

अस्पारुखाच्या ६८० मधून ५१५ वजा केले की १६५ येते, आणि तो आकडा मग अभिमानाने मिरवला जातो. पण त्या बेरजेतली ४५० वर्षे केवळ दोन माणसांच्या नावावर आहेत. आवितोहोल हा वंशाचा मूळपुरुष, दंतकथेतला. इर्निक म्हणजे अटिलाचा धाकटा मुलगा एर्नाक असावा, असा एक तर्क आहे आणि तो खरा असेल तर घराणे आपली मुळे अटिलापर्यंत नेत होते एवढे कळते. वंशावळ म्हणून यादी अमूल्य आहे. राज्यस्थापनेचा दाखला म्हणून ती वापरू नये.

११. लोक कसे राहत होते? राजधानी फानागोरिया होती ना?

कळप, घोडे, तंबू हे जगण्याचा कणा. जोडीला मासेमारी आणि किनाऱ्यावरच्या जुन्या ग्रीक शहरांशी देवघेव. बल्गारांचे गोल तंबू कसे दिसत याचा एक गोड पुरावा आजच्या बल्गेरियातल्या देव्न्या गावी मिळाला : चुनखडीच्या दगडात घडवलेला छोटासा तंबू. तो डॅन्यूबकडे आल्यानंतरचा आहे, पण घराची कल्पना मैदानातलीच.

फानागोरिया हे तामान द्वीपकल्पावरचे शहर. इ. स. पूर्व सहाव्या शतकात ग्रीकांनी वसवलेले, म्हणजे कुब्रातच्या काळी ते हजार वर्षांहून जुने होते. थिओफानिस त्या परिसराचे नाव घेतो आणि तिथे ज्यू लोक राहतात असे सांगतो. ‘राजधानी’ मात्र तो म्हणत नाही. शहर राज्याच्या कक्षेत असणे सहज शक्य आहे, बंदर म्हणून महत्त्वाचे असणेही. पण ऋतूप्रमाणे हलणाऱ्या राजाची राजधानी म्हणजे त्याची छावणी. ती आज इथे, उद्या तिथे.

१२. कुब्रातची कबर खरोखर सापडली आहे का?

बहुधा हो, आणि या सगळ्या विषयातली सर्वांत थरारक वस्तुस्थिती हीच. १९१२ मध्ये युक्रेनमधल्या पोल्तावाजवळ, माला पेरेश्चेपिना गावात, गुरे राखणाऱ्या मुलांना वाळूत सोन्याचे भांडे लागले. त्यामागोमाग आठशेहून अधिक वस्तू निघाल्या : २० किलोहून जास्त सोने आणि त्याहून अधिक चांदी. आज हा ठेवा सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

वस्तू पाहिल्या की त्या राज्याचे सगळे शेजार डोळ्यांपुढे येतात. इराणच्या सासानी राजाची शिकारीच्या दृश्याची थाळी. सोन्याच्या मुठीची तलवार. सोन्याचे मद्यपात्र. बायझंटाइन सुवर्णनाणी, तीही गळ्यात घालायला जोडलेली. त्यातली सर्वांत अलीकडची ६४० च्या दशकातली, कॉन्स्टन्स दुसऱ्याची. आणि चांदीचे एक भलेमोठे ताट, जे मुळात काळ्या समुद्रावरच्या तोमी शहराच्या पातेर्नुस या बिशपचे. त्यावर लॅटिनमध्ये त्याचे नाव आहे आणि सम्राट अनास्तासियसच्या काळातले शिक्के आहेत, म्हणजे पुरले तेव्हा ते शंभराहून अधिक वर्षे जुने होते. चर्चचे ताट मैदानातल्या सरदाराकडे लुटीत आले, भेट म्हणून आले की खंडणीत, हे ताटावर लिहिलेले नाही.

नाव लागते ते अंगठ्यांवरून. ठेव्यातल्या सोन्याच्या अंगठ्यांवर ग्रीक अक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. जर्मन पुरातत्त्वज्ञ योआखिम वेर्नर यांनी १९८४ मध्ये त्या अक्षरांचे वाचन प्रसिद्ध केले : एकीवर ‘कुब्रातचा’, दुसरीवर ‘पॅट्रिकियोस कुब्रातचा’. निकेफोरसने सांगितलेला तोच किताब. शतकानंतर लिहिलेल्या ओळीला जमिनीतून असा दुजोरा मिळणे फार दुर्मीळ.

आता आक्षेप. हे शास्त्रशुद्ध उत्खनन नव्हते; वस्तू आधी गावकऱ्यांच्या हातात गेल्या आणि मग गोळा झाल्या. काही अभ्यासक हा ठेवा खझार सरदाराचा मानतात. पोल्तावाही कुबानपासून बरीच दूर, उत्तरेला आहे. तरीही तीन गोष्टी, म्हणजे नाव, किताब आणि नाण्यांचे साल, एकाच माणसाकडे बोट दाखवतात, त्यामुळे मी वेर्नर यांच्या बाजूने आहे.

१३. मरताना कुब्रातने मुलांना काठ्यांची मोळी मोडायला लावली, ही गोष्ट खरी का?

बल्गेरियात ती शाळकरी पोरालाही पाठ असते. एकेक काठी मोडते, मोळी मोडत नाही, म्हणून एकत्र राहा. पण थिओफानिसच्या मजकुरात मोळी नाही. कुब्रातने मुलांना वेगळे राहू नका असे बजावले, नाहीतर दुसऱ्यांचे गुलाम व्हाल असे सांगितले, एवढेच तो लिहितो. मोळीची गोष्ट प्लुटार्कने कितीतरी शतके आधी शक राजा स्किलुरोस आणि त्याच्या ऐंशी मुलांबद्दल सांगितली आहे. मैदानातला राजा आणि त्याची भांडखोर मुले असा सांगाडा जुळला म्हणून ती नंतर कुब्रातला चिकटली.

पाच भावांनी वडिलांचा शब्द मोडला आणि राज्य गेले, हा निष्कर्षही अर्धाच खरा. पश्चिमी तुर्कांचे राज्य ६५७ मध्ये चीनच्या तांग सैन्यापुढे कोसळले आणि पूर्वेकडून खझार मोकळे झाले. कुब्रातच्या निष्ठेवर बांधलेली आघाडी तो गेल्यावर त्यांच्यापुढे उभी राहणे कठीणच होते, भाऊ एकत्र असते तरी.

१४. पाच मुलांचे पुढे काय झाले? पाचही नावे खरी आहेत का?

थिओफानिस नावे देतो फक्त तिघांची. थोरला बातबायान तिथेच राहिला आणि खझारांना खंडणी देऊ लागला. दुसरा कोत्राग डॉन नदी ओलांडून थोरल्याच्या समोरच्या बाजूला राहिला. तिसरा अस्पारुख नीपर आणि नीस्टर ओलांडून ‘ओंगल’ नावाच्या दलदलीच्या जागी गेला. चौथा पॅनोनियात (आजच्या हंगेरीच्या भागात) अवारांच्या आश्रयाला, आणि पाचवा इटलीत राव्हेनाजवळ बायझंटाइन सत्तेखाली. शेवटच्या दोघांना कुबेर आणि अल्सेको ही नावे आधुनिक इतिहासकारांनी दिली आहेत, इतर ग्रंथांतल्या व्यक्ती तिथे बसवून.

अस्पारुखाचे यश सर्वांना माहीत आहे, पण ते कसे मिळाले ते पाहण्यासारखे आहे. ६८० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन चौथा मोठे सैन्य आणि आरमार घेऊन ओंगलवर आला. बल्गार दलदलीआड दबा धरून बसले. चार दिवस झाले, लढाई होईना. सम्राटाचे पाय संधिवाताने दुखत होते, म्हणून तो थोड्या जहाजांसह मेसेंब्रियाला उपचारासाठी निघाला. घोडदळात आवई उठली की सम्राट पळाला. सैन्य उधळले आणि अस्पारुख त्याच्या पाठी लागला. पुढच्या वर्षी तह झाला आणि साम्राज्य त्याला वार्षिक खंडणी देऊ लागले.

कुबेरची गोष्ट थेस्सालोनिकीच्या संत दिमित्रियोसच्या चमत्कारकथांत आहे. अवारांनी साठेक वर्षांपूर्वी पळवून नेलेल्या रोमन कैद्यांची मुले-नातवंडे सिर्मियमच्या परिसरात वाढली होती. खाकानाने त्यांच्यावर कुबेरला नेमले. तो त्यांना घेऊन बंड करून निघाला, खाकानाला लढाया हरवत थेस्सालोनिकीपर्यंत आला. त्याचा माणूस माव्रोस ग्रीक, लॅटिन, स्लाव आणि बल्गार अशा चार भाषा बोलायचा, आणि त्याच जोरावर शहर आतून घेण्याचा डाव रचला गेला. तो फसला. पण कुबेर कुब्रातचा मुलगा होता, असे तो ग्रंथ कुठेही म्हणत नाही.

अल्सेकोबद्दल लोम्बार्डांचा (तेव्हा इटलीच्या मोठ्या भागावर राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांचा) इतिहासकार पॉल द डीकन सांगतो. अल्सेको आपल्या सगळ्या सैन्यासह शांतपणे इटलीत आला. राजा ग्रिमोआल्दने त्याला बेनेव्हेंतोला मुलाकडे पाठवले आणि ओसाड पडलेली सेपिनो, बोयानो, इसेर्निया ही गावे राहायला मिळाली. बदल्यात ‘ड्यूक’ ही पदवी जाऊन ‘गास्ताल्द’ ही खालची आली. हे लोक लॅटिन बोलतात पण आपली भाषा अजून सोडलेली नाही, असे पॉल आठव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहितो. त्याच भागात, काम्पोकियारोजवळ, घोड्यांसह पुरलेल्या माणसांच्या कबरी सापडल्या आहेत. फक्त राव्हेना इथे बसत नाही : थिओफानिसचा पाचवा मुलगा बायझंटाइन हद्दीत जातो, पॉलचा अल्सेको लोम्बार्डांकडे.

आणि आणखी एक गफलत टाळा. फ्रँकांच्या फ्रेडेगरच्या इतिवृत्तात ६३० च्या सुमाराचा ‘अल्सिओकस’ भेटतो. अवारांशी गादीवरून भांडण होऊन हरलेले नऊ हजार बल्गार बायकापोरांसह राजा दागोबेर्तकडे आसऱ्याला आले. त्यांना बव्हेरियात घरोघरी हिवाळ्यापुरते ठेवून घेतले आणि मग राजाच्या हुकमाने एका रात्रीत कापून काढले. अल्सिओकस सातशे लोकांनिशी वाचला आणि वेंड स्लावांच्या मुलखात गेला. इटलीतला अल्सेको येतो तो तीसहून अधिक वर्षांनी. नावे जवळची म्हणून माणूस एक ठरत नाही, आणि ही कत्तल कुब्रातच्या राज्याशी जोडता येत नाही.

१५. कुब्रात ख्रिस्ती होता, तर दोनशे वर्षांनी डॅन्यूबकडच्या बल्गारांचा राजा बोरिस याला पुन्हा ख्रिस्ती धर्म का आणावा लागला?

आधी कुब्रातचा बाप्तिस्मा. निकेफोरस सांगतो की ६१९ च्या सुमारास ‘हूणांचा स्वामी’ आपले सरदार आणि त्यांच्या बायकांसह कॉन्स्टँटिनोपलला येऊन ख्रिस्ती झाला. नाव देत नाही. तो ऑर्गाना असावा, असा तर्क आहे. निकिऊच्या योहानाच्या मोडक्या मजकुरात लहानपणी बाप्तिस्मा घेतलेला माणूस कुब्रात की ऑर्गाना, यावरही वाद होतो. कुब्रात असेच बहुतेक वाचतात.

पण त्या काळी सीमेवरच्या राजाचा बाप्तिस्मा हा बराचसा राजकीय करार असायचा. सम्राट त्याचा धर्मपिता व्हायचा, किताब मिळायचा, मैत्री पक्की व्हायची. प्रजेला चर्च, धर्मगुरू, प्रार्थनेची भाषा यातले काही मिळत नसे. डॅन्यूबकडे आलेले बल्गार तंग्रा या आकाशदेवालाच मानत राहिले. बोरिसने ८६४ च्या सुमारास केले ते वेगळे : त्याने साऱ्या राज्याचा धर्म बदलला, सरदारांचे बंड मोडले आणि ८६६ मध्ये पोप निकोलस पहिला याच्याकडे प्रश्नांची लांबलचक यादी पाठवली. पोपची १०६ उत्तरे आजही वाचता येतात. मैदानातून आणलेल्या किती रीती तेव्हाही जिवंत होत्या ते त्यांत दिसते : लढाईत घोड्याचे शेपूट निशाण म्हणून नेणे, राजाने उच्चासनावर एकट्याने जेवणे आणि बायकोनेही पंक्तीला न बसणे, लढाईआधी घोडा किंवा शस्त्र तयार नसलेल्या शिपायाला देहदंड. शेपटाऐवजी क्रूस न्या, असे पोपने सांगितले. पायजमा घालण्याबद्दलही बोरिसने विचारले होते. त्याला पोपची हरकत नव्हती.

१६. व्होल्गाकाठचा बल्गार हेच राज्य का? आणि बल्गारांची भाषा आज कुणी बोलते का?

व्होल्गा बल्गेरिया हे नंतरचे, वेगळे राज्य. बगदादहून ९२१ मध्ये निघालेला खलिफाचा वकील इब्न फदलान ९२२ च्या मे महिन्यात तिथल्या आल्मिश राजाकडे पोचला, आणि राज्य इस्लामी झाले. १२३६ मध्ये मंगोलांनी ते संपवले. बोल्गार शहराचे अवशेष तातारस्तानात आहेत आणि २०१४ पासून युनेस्कोच्या वारसायादीत.

ते कोत्रागने स्थापले, असे सर्रास लिहिले जाते. थिओफानिस मात्र कोत्रागला डॉनपलीकडे ठेवतो, व्होल्गावर नाही (प्रश्न १४). बल्गारांचे व्होल्गाकडे सरकणे अनेक पिढ्या, अनेक लाटांत झाले, आणि खझारांच्या अमलाखाली राहिलेल्या बातबायानच्या लोकांपैकीही बरेच तिकडे गेले असावेत. मागे उरलेल्यांना दहाव्या शतकात ‘काळे बल्गार’ म्हणत. ९४४ च्या रूस आणि बायझंटाइन तहात क्रिमियातल्या खेरसोनवरच्या त्यांच्या धाडींचा उल्लेख आहे.

भाषेचे उत्तर मात्र हो आहे, काहीसे आडवळणाने. व्होल्गाकाठच्या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या थडग्यांच्या दगडांवर अरबी लिपीत कोरलेली जी बल्गार भाषा दिसते, तिची सर्वांत जवळची नातेवाईक म्हणजे व्होल्गाकाठचीच चुवाश. तुर्की भाषाकुळाच्या ज्या फांदीवर बल्गार होती, त्या फांदीवर आज फक्त चुवाश जिवंत आहे. इतर भाषांत जिथे शेवटी ‘झ’ येतो तिथे ती ‘र’ म्हणते : मुलीला तुर्कस्तानात ‘कझ’, चुवाशीत ‘हेर’. नामावलीतले आणि थडग्यांवरचे आकडे अभ्यासकांना वाचता आले ते मुख्यतः चुवाशच्या आधाराने. ‘शेगोर वेचेम’ मधल्या ‘वेचेम’चा अर्थ ‘तिसरा’ हे असेच लागले.